भारतातून गेलेल्या कंपनीची जुनी गाडी: २०१९ ची फोर्ड इकोस्पोर्ट घ्यावी का?

कृष्णाकाठ (कराड) यांचा प्रश्न

नमस्कार. माझ्या परिचयातील एका गृहस्थांची २०१९ सालची फोर्ड इकोस्पोर्ट, डिझेल, बीएस-४, विक्रीला आहे. गाडी पहिल्याच मालकाच्या नावावर असून ५८ हजार किलोमीटर चालली आहे आणि ते तिचे ५ लाख ७५ हजार रुपये मागत आहेत. गेले दोन महिने मी त्याच वर्षाच्या आणि साधारण तेवढ्याच चाललेल्या इतर गाड्याही पाहतो आहे. ज्या कंपन्या आजही आपल्याकडे गाड्या विकतात त्यांच्या गाड्यांना मालक दीड ते दोन लाख जास्त सांगतात, म्हणजे हा फरक बराचसा कंपनी गेल्यामुळे पडला असावा, असे मला वाटते.

माझी गरज साधी आहे. दर पंधरा दिवसांनी आई-वडिलांना कराडहून पुण्याला डॉक्टरांकडे न्यावे लागते. वडिलांचे गुडघे दुखतात, त्यामुळे खाली वाकून बसावे लागेल अशी गाडी चालत नाही. ही गाडी मी खंबाटकी घाटातून चालवून पाहिली. ती भरलेली असतानाही चढावर दमली नाही आणि वळणावर तिचा विश्वास वाटला. गाडीबद्दल माझ्या मनात शंका नाही. शंका आहे ती पुढच्या सात-आठ वर्षांची. वडिलांनी एकाच वाक्यात ती मांडली: "कारखानाच बंद झाला आहे, उद्या समोरची काच फुटली तर कुणाच्या दारात उभा राहणार?"

सुटे भाग मिळतात का, आमच्यासारख्या गावी अधिकृत वर्कशॉप नसताना देखभाल कशी करायची, विमा कंपनी अशा गाडीकडे कशी पाहते आणि पुढे विकताना काय हाती येईल, याविषयी अनुभव असणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

---

पेठेतला दुकानदार (पुणे)

मी नाना पेठेत बावीस वर्षे मोटारींच्या सुट्या भागांचे दुकान चालवतो, त्यामुळे आपल्या वडिलांचा प्रश्न माझ्या काउंटरवर रोजच कुणी ना कुणी विचारत असते. आधी "बंद" या शब्दाबद्दल लिहितो, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

फोर्डने ९ सप्टेंबर २०२१ रोजी भारतातील गाड्यांचे उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. गुजरातमधील साणंद येथील गाड्यांचा कारखाना त्या वर्षअखेर थांबला आणि चेन्नईजवळच्या मराईमलाई नगरचा २०२२ च्या मध्यापर्यंत. साणंदचा कारखाना पुढे टाटांच्या इलेक्ट्रिक मोटारींच्या कंपनीने ७२५ कोटी ७० लाख रुपयांना घेतला आणि जानेवारी २०२३ मध्ये तो व्यवहार पूर्ण झाला. तेथील इंजिनांचा विभाग मात्र फोर्डने स्वतःकडेच ठेवला. सर्व्हिस, सुटे भाग आणि वॉरंटी चालू राहील, असे कंपनीने तेव्हाच सांगितले होते. थोडक्यात, ही कंपनी बुडालेली नाही, तिने आपल्या बाजारातून काढता पाय घेतला आहे. ग्राहकाच्या दृष्टीने या दोन गोष्टींत मोठे अंतर आहे, कारण जिवंत कंपनीला नावाची काळजी असते आणि तिच्या भागांचे क्रमांक, आराखडे व पुरवठादार जागेवर असतात. (माझ्या पिढीतल्यांना आठवत असेल की फोर्डची एस्कॉर्ट १९९६ साली नाशिकला महिंद्राच्या कारखान्यात तयार होऊ लागली होती. तेव्हाचे एस्कॉर्टवाले अजूनही कधीतरी दुकानात येतात आणि शक्यतो मी त्यांना रिकाम्या हाताने परत पाठवत नाही.)

आता मुद्द्याकडे येतो. "सुटे भाग मिळतात का" या प्रश्नाला एक उत्तर नसते. कोणता भाग, ते विचारावे लागते. फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बॉल जॉइंट, बेअरिंग, बॅटरी हे झिजणारे भाग मोटार कंपनी स्वतः तयार करतच नाही. पुरवठादार ते तयार करतात, आणि रस्त्यावर गिऱ्हाईक आहे तोवर स्वतःच्या पेटीतून विकत राहतात. इकोस्पोर्ट २०१३ पासून विकली गेली आणि भरपूर विकली गेली, म्हणून या भागांची मला आजही चिंता वाटत नाही. समोरची काचही बाहेरच्या काच कंपन्यांची मिळते, तेवढे वडिलांना अवश्य सांगा.

अडचण येते ती केवळ त्याच गाडीसाठी घडवलेल्या आणि सहसा न लागणाऱ्या भागांत: हेडलाइट, टेललाइट, बंपरचे आतले ब्रॅकेट, दरवाज्याची बिजागरी, डॅशबोर्डची जाळी, वायरिंगचा विशिष्ट तुकडा, एखादे मॉड्यूल (गाडीतला एकेक भाग सांभाळणारा छोटा संगणक). यांना झीज नसल्याने बाहेरचा उत्पादक सहसा हात घालत नाही. मागच्याच महिन्यात एक गृहस्थ हेडलाइट घेऊन आले होते. काच स्वच्छ, आतला आरसा चकचकीत, केवळ बॉडीला पकडणारा प्लॅस्टिकचा कान तुटलेला, सुपारीएवढा तुकडा. नव्या दिव्याला हजारो रुपये मोजायचे आणि वर वाट पाहायची, त्यापेक्षा आमच्या शेजारच्या कारागिराने तो कान गरम तारेने शिवून अर्ध्या तासात पक्का बसवून दिला. अशा गाडीच्या मालकाला असा कारागीर ठाऊक असावा लागतो. नवा भाग आणणे हा एकच मार्ग मानणाऱ्याने ही गाडी घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

तिसरी बाब इंजिनाची. जाणाऱ्या कंपनीचे इंजिन आणखी कुणाच्या गाडीत आहे का, हे पाहण्याची सवय ठेवावी. फियाटच्या पुंटो आणि लिनिया आपल्या बाजारातून गेल्या, पण त्यांचे १.३ लिटरचे मल्टिजेट डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्ये आणि टाटांच्या गाड्यांमध्येही होते, म्हणून त्या इंजिनाचे काम करणारा मिस्त्री तालुक्याच्या गावीही सापडतो. इकोस्पोर्टच्या १.५ लिटर डिझेलला आपल्याकडे असे सोयरे नाहीत. मात्र ते फोर्डच्या फिएस्टा, फिगो आणि अ‍ॅस्पायरमध्येही होते, त्यामुळे त्याचे जाणकार आहेत. त्याचा टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, पुस्तिकेत दिलेल्या अंतरावर किंवा वर्षांवर, जे आधी येईल तेव्हा, बदलावाच लागतो. बेल्ट तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळतात आणि दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीशी स्पर्धा करतो.

हा धागा पेट्रोल गाडी पाहणारेही वाचतील म्हणून लिहून ठेवतो. २०१७ नंतरच्या ३ सिलिंडरच्या १.५ पेट्रोल इंजिनात टायमिंग बेल्ट इंजिन ऑइलमध्ये भिजतच फिरतो. त्याला ठरवून दिलेल्या प्रतीचेच ऑइल लागते. एका गॅरेजने बचतीसाठी वेगळेच ऑइल भरलेली एक गाडी मी पाहिली आहे. तिची ऑइल चाळणी काढून वर्तमानपत्रावर उपडी केली तेव्हा काळ्या रबराचा चुरा चहाच्या चोथ्यासारखा पडला. पेट्रोल गाडी घेणाऱ्याने ऑइलची बिले पाहिल्याखेरीज बयाणा देऊ नये.

---

इंद्रायणीकाठ (तळेगाव दाभाडे)

माझ्याकडे २०१४ पासून शेवरले बीट आहे, पेट्रोल. ती आमच्या गावच्या कारखान्यात तयार झाली होती, म्हणून हा विषय मला जवळचा आहे.

मे २०१७ मध्ये शेवरले गाड्या बनवणाऱ्या जनरल मोटर्सने वर्षअखेर भारतातील विक्री थांबवण्याची घोषणा केली. तिचा गुजरातमधील हालोलचा कारखाना त्याआधीच थांबला होता आणि तो पुढे एमजीकडे गेला. तळेगावात निर्यातीसाठी गाड्या होत राहिल्या आणि डिसेंबर २०२० मध्ये तेही संपले. मधल्या काळात चीनची ग्रेट वॉल कंपनी येणार म्हणून गाव वाट पाहत बसले, तो करार २०२२ मध्ये बारगळला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ह्युंदाईने कारखाना घेण्याचा करार केला. गाड्यांच्या मालकांपेक्षा तिथल्या कामगारांनी या सहा वर्षांत कितीतरी जास्त सोसले, हे इथे नोंदवल्याशिवाय मला राहवत नाही.

घोषणा झाली त्या आठवड्यात माझ्या आळीतल्या दोघांनी घाईघाईने गाड्या विकल्या, आणि दलालांनी सांगितलेला आकडा ऐकून मला रात्री झोप आली नव्हती. मी विकली नाही, कारण तेवढ्या पैशांत दुसरे काही चांगले येत नव्हते. पुढे लक्षात आले की किंमत एका झटक्यात पडते आणि त्यानंतर ती इतर जुन्या गाड्यांप्रमाणेच हळूहळू उतरते. तो पहिला फटका पहिल्या मालकाने सोसलेला असतो. आपण दुसरे मालक म्हणून तो फटका बसून गेल्यावर येत आहात, त्यामुळे आपले नुकसान त्यामानाने कमी. अर्थात, गाडी दोन-तीन वर्षांत बदलण्याचा विचार असेल तर हे गणित कोसळते, कारण विकताना गिऱ्हाईक शोधण्यातच महिने जातात. सात-आठ वर्षे वापरणार असाल तर जो दीड-दोन लाखांचा फरक आज वाचतो आहे, तो देखभालीसाठी बाजूला काढून ठेवलेला निधी समजावा. माझा तो निधी अजून पुरता संपलेला नाही.

एक सूचना. गाडी ताब्यात आली की न लागलेले काही भाग आधीच घेऊन ठेवा. माझ्या माळ्यावर दोन वायपर आर्म, एक दाराचे हँडल, एक डाव्या बाजूचा आरसा आणि क्लच केबल कापडात गुंडाळून ठेवली आहे. त्यातला आरसा गेल्या पावसाळ्यात कामी आला. आणि एकाच मेकॅनिकला धरून राहा. गाडीचा स्वभाव ज्याला माहीत आहे असा माणूस हेच आपले अधिकृत वर्कशॉप.

---

कृष्णाकाठ (कराड)

दोघांचाही मनापासून आभारी आहे. गाडी मी किमान आठ वर्षे ठेवणार आहे, आणि नोंदणीही २०३४ पर्यंत आहे. बेल्टविषयी मालकांना विचारले तेव्हा ते थोडे थांबून म्हणाले की, "बहुधा बदललेला नाही." बिले पाहायला त्यांनी रविवारी बोलावले आहे. विम्याबाबत कुणी लिहिले तर फार मदत होईल.

---

सर्व्हेअर (सांगली)

मी मोटार विम्याचे सर्वेक्षण करतो. या विषयात लोक हप्त्याकडे पाहतात, पण पाहायला हवे ते विमा घोषित मूल्याकडे, ज्याला आपण आयडीव्ही म्हणतो. गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर विमा कंपनी जास्तीत जास्त देते ती ही रक्कम.

पाच वर्षांपर्यंतच्या गाडीची आयडीव्ही ठरवायला घसाऱ्याचा तक्ता आहे: एक ते दोन वर्षांना २० टक्के, दोन ते तीनला ३०, तीन ते चारला ४०, चार ते पाचला ५०. पाच वर्षांनंतर, आणि ज्या मॉडेलचे उत्पादन थांबले आहे त्यांच्या बाबतीतही, आयडीव्ही विमा कंपनी आणि ग्राहक यांच्या संमतीने ठरते. आपली गाडी दोन्ही कारणांनी या वर्गात मोडते. याचा अर्थ संगणकावर जो आकडा आपोआप येतो तो अंतिम नसतो आणि त्यावर बोलण्याचा आपल्याला अधिकार आहे. बहुतेक लोक तो वापरत नाहीत. उलट हप्ता हजार-दीड हजाराने कमी व्हावा म्हणून आकडा आणखी खाली आणतात.

त्याचा परिणाम अपघाताच्या दिवशी दिसतो. दुरुस्तीचा अंदाज आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांपलीकडे गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते, म्हणजे दुरुस्तीऐवजी आयडीव्हीच्या हिशेबाने रक्कम मिळते. आयडीव्ही ५ लाख असेल तर ही रेषा ३ लाख ७५ हजारांवर येते, पण ती साडेतीन लाख ठेवली असेल तर २ लाख ६२ हजार ५०० वरच येते. समोरून जोराची धडक बसली की बंपर, दोन्ही हेडलाइट, बॉनेट, रेडिएटर, एसीचा कंडेन्सर आणि दोन एअरबॅग यांचा अंदाज कुठे जातो, ते मी रोज पाहतो. ज्या गाडीचे बाहेरचे भाग दुर्मीळ आणि महाग आहेत, ती कमी आयडीव्हीवर चटकन टोटल लॉस होते आणि मालकाच्या हाती येणाऱ्या रकमेत तशी दुसरी गाडी मिळत नाही. म्हणून आपण प्रत्यक्ष जी किंमत देणार आहात, तिच्या जवळपासचीच आयडीव्ही लेखी मागा आणि व्यवहाराची कागदपत्रे जपून ठेवा.

दुसरे, प्लॅस्टिक, रबर, बॅटरी, टायर आणि एअरबॅग यांवर नेहमीच्या पॉलिसीत ५० टक्के घसारा कापला जातो. शून्य घसाऱ्याचे जोडकलम या वयाच्या गाडीला सगळ्या कंपन्या देत नाहीत. जी देते तिच्याकडे हप्ता थोडा जास्त पडला तरी जावे, असे माझे मत आहे, कारण आपल्याला लागणारे महाग भाग बहुतांशी प्लॅस्टिकचेच असणार.

तिसरे, गाडी नावावर झाल्यापासून १४ दिवसांत विमा कंपनीला कळवून पॉलिसी आपल्या नावावर करून घ्या. आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्यांच्याबरोबर जातो, गाडीबरोबर येत नाही, त्यामुळे फरकाची रक्कम भरावी लागेल. नावबदल न करता महिनोन्‌महिने गाडी फिरवणाऱ्यांचे दावे अडकल्याचे पाहून मला वाईट वाटते, कारण चूक एका अर्जाची असते.

---

उत्तरवारा (गॉथेनबर्ग, स्वीडन)

मूळचा साताऱ्याचा, म्हणून हा धागा वाचला. वरती "गेलेली" आणि "बुडालेली" असा जो भेद केला आहे, त्याची दुसरी बाजू मी इथे पाहिली आहे. आमच्या उत्तरेला तासाभरावर ट्रोलहेटान हे गाव आहे. तिथली साब ही मोटार कंपनी १९ डिसेंबर २०११ रोजी दिवाळखोरीत गेली. ती खऱ्या अर्थाने बुडाली, पण तिची सुट्या भागांची कंपनी वेगळी होती आणि ती दिवाळखोरीत गेली नव्हती. सरकारने साबच्या कर्जाला हमी दिली होती आणि त्यासाठी ही भागांची कंपनी तारण होती, म्हणून ती सरकारकडे आली. ओरिओ या नावाने तिने पुढेही साबचे भाग पुरवले. मी इथे आल्यावर घेतलेली पहिली जुनी गाडी साब ९-३ होती आणि ती पाच वर्षे उत्तम चालली.

याउलट, अमेरिकेतील फिस्कर कंपनी जून २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली, तेव्हा तिच्या ओशन या इलेक्ट्रिक गाडीच्या मालकांना भागांइतकीच सॉफ्टवेअरची आणि सर्व्हरची चिंता करावी लागली आणि त्यांनी स्वतःची संघटना उभारली. आपली २०१९ ची डिझेल गाडी सुरू व्हायला कुणाच्या सर्व्हरची परवानगी लागत नाही. जुनी गाडी घेताना ही जमेची बाजू आहे, आणि पुढे जुन्या इलेक्ट्रिक गाड्या घेणाऱ्यांनी हा प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे.

---

पेठेतला दुकानदार (पुणे)

रविवारी जाताना एवढे पाहा. दोन्ही किल्ल्या मागा आणि दोन्हींनी गाडी सुरू करून पाहा, कारण किल्लीतली चिप गाडीच्या संगणकाशी जुळवावी लागते आणि ते काम कोपऱ्यावरच्या किल्लीवाल्याचे नाही. फोरस्कॅन नावाचे सॉफ्टवेअर मुख्यतः फोर्डच्या गाड्यांसाठी आहे. गाडीच्या संगणकाला जोडायचा साधा ओबीडी अ‍ॅडॅप्टर लावून त्यात गाडीतील सगळ्या मॉड्यूलचे जुने-नवे दोष वाचता येतात. ते हाताळणारा मेकॅनिक सोबत न्या. सगळ्या दिव्यांचे कान हाताने हलवून पाहा.

---

कृष्णाकाठ (कराड)

काल गाडी कोल्हापूरच्या एका गॅरेजमध्ये लिफ्टवर चढवून दोन तास पाहिली. बिलांची फाइल पूर्ण आहे. बेल्ट कारखान्यातून आलेलाच आहे. उजव्या बाजूच्या इंजिन माउंटच्या रबराला चीर गेली आहे. गाडी सुरू करताना जो बारीक धक्का बसतो, तो त्याचाच. फोरस्कॅनमध्ये एक जुना दोष दिसला, कमी झालेल्या बॅटरीचा, आणि तो पुसल्यावर परत आला नाही. दोन्ही किल्ल्या चालतात. डाव्या फॉगलाइटचा एक कान तुटलेला आहे, तो आपल्या सांगण्यामुळे हात लावून पाहिला म्हणून समजला.

बेल्ट, वॉटर पंप, माउंट आणि चारपैकी दोन टायर यांचा खर्च मी कागदावर मांडून मालकांपुढे ठेवला. ते सज्जन आहेत, त्यांनी फार ओढून धरले नाही आणि ५ लाख १० हजारांवर व्यवहार ठरला. विमा कंपनीकडे ५ लाखांची आयडीव्ही लेखी मागितली आहे. शुक्रवारी मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या होतील.

वडिलांना संध्याकाळी गाडीत बसवून कृष्णा पुलापर्यंत नेऊन आणले. उतरताना त्यांना दाराचा आधार घ्यावा लागला नाही. काचेविषयी त्यांनी पुन्हा विचारले नाही, बेल्ट कधी बदलणार ते मात्र विचारले. सोमवारची वेळ घेतली आहे. काम झाले की भागांचे क्रमांक आणि प्रत्यक्ष पडलेला खर्च इथेच लिहीन, म्हणजे पुढे येणाऱ्याला उपयोग होईल.